घरातला कोअर झोन

मोहर्लीला व्याघ्रप्रकल्पाच्या गेटवर पर्यटकांचे मोबाईल बाहेरच ठेवावे लागतात. मोठमोठे साहेब मोबाईल देताना असं तोंड करतात, जशी लेक सासरी चालली. मी तिथे गाईड. घरातल्या दहावीच्या लेकीला अभ्यासापायी मोबाईल घेऊन द्यावा लागला, तेव्हा मीही कायदा लावला. घर म्हणजे कोअर झोन, जंगलाचा सगळ्यात कडक नियमांचा गाभा. संध्याकाळी सातनंतर मोबाईल तांदळाच्या डब्यावर.

"मंग तुमचा काऊन हातात हाय, बाबा?" लेक म्हणाली.

"मी त स्टाफ!"

वर दम दिला, "काई उलटसुलट दिसलं त मोबाईल इरईच्या धरणात. मग मगरी रील पायत बसतीन."

या दमावर मी महिनाभर खूश होतो.

मग लेकीचं वागणं बदललं. मोबाईल वाजला की दचकायची, पालथा घालायची. ताटातला भात तसाच. आता वाघिणीच्या पगमार्कवरून, म्हणजे पंजाच्या ठशावरून, मी तिचं वय सांगतो, वजन सांगतो, सकाळी तिचं कोणाशी भांडण झालं तेही सांगतो. पण लेकीचा माग काही लागेना. मी ठरवलं, प्रेमप्रकरण! तीन दिवस गोठ्याआडून दुर्बीण लावून बसलो. शेजारच्या कोंबड्यांनी धास्तीनं अंडी देणं बंद केलं म्हणतात.

बायको वैतागली. "अजी, वाघीण नाई ते, पोरगी हाय. जाऊन इचारा न सरळ!"

विचारलं. लेक म्हणाली, "काई नाई." संपलं.

दुसऱ्या दिवशी सफारीत चितळानं कॉल दिला. वाघ दिसला की चितळ, वानर ओरडून सगळ्यांना सावध करतात, त्याला आम्ही कॉल म्हणतो. जिप्सीतल्या एका बाईंनी विचारलं, "हे हरीण ओरडून स्वतःचाच पत्ता देतं की! घाबरत नाही?"

माझं उत्तर पाठच होतं. "बाई, कॉल देणाऱ्याला जंगलात कोणी रागावत नाही. म्हणून तर ते देते."

बोललो आणि तोंड तसंच उघडं राहिलं. माझ्या घरी कॉल देणाऱ्याचा मोबाईल धरणात जाणार होता. कोण देईल कॉल? तेवढ्यात वाघ रस्ता ओलांडून गेला. जिप्सीतल्या सगळ्यांना दिसला, एकट्या गाईडला सोडून.

घरी आलो, लेकीपुढे बसलो. "पोरी, धरणाचं बोललो ते चुकलं मायं. काईही असन त सांग. मोबाईल तुयाजवळच राहीन."

"आन् रागावले त?"

"रागावीन. पण तुयावर नाई."

ती नखानं चटई कुरतडायला लागली. मग मोबाईल माझ्यापुढे सरकवला. कोणी अनोळखी, मुलीच्या नावानं महिनाभर गोड बोलत होता. आता फोटो मागत होता. नाही पाठवलास तर तू मैत्रिणींबद्दल जे बोललीस ते शाळेच्या ग्रुपवर टाकीन, अशी धमकी. लेकीनं फोटो दिला नव्हता. फक्त आठ दिवस एकटीच भीत होती.

माझ्या अंगात बारा वाघ संचारले. मोबाईल भिंतीवर आपटावा, त्या माणसाला तारेतून ओढून काढावा. हात इतके शिवशिवले की मी ते मांडीखाली दाबून त्यांच्यावर बसलो.

"पुसून टाकू का सगळं?" लेक म्हणाली.

"नाई! पगमार्कवर कोणी पाय ठेवते का? आधी फोटो काढ स्क्रीनचे."

तिनं स्क्रीनशॉट काढले, ॲपवर त्याची तक्रार टाकली, मग ब्लॉक केलं. कुठे काय दाबायचं ते तिलाच ठाऊक होतं, मी फक्त मान हलवत होतो. उद्या पोलीस ठाण्यात जायचं ठरलं, दोघांनी मिळून. बायकोनं भात वाढला. लेकीनं दुसऱ्यांदा मागून घेतला.

"बाबा, जेवा न," ती म्हणाली. "हात काढा आता खालून. मुंग्या आल्या असतीन."

आल्याच होत्या. तरी म्हटलं, "तू जेव. मले अजून थोडा वेळ लागते."