आनखी दोन उन्हं

भागरताबाई शाळेच्या दारात येऊन उभी राहिली, तेव्हा मी चौथीच्या मुलांना शुद्धलेखन घालत होतो. शेजारीण भरल्या वर्गाच्या दारात येते म्हणजे काय, ते मला कळलं. "गुरुजी, घरी चला," एवढंच ती म्हणाली. मी उरलेलं अर्धं वाक्य सांगून पुरं केलं, पाट्या खाली ठेवायला लावल्या, फळा पुसला, खडूचा तुकडा डबीत टाकला आणि मग निघालो. या गोष्टीला आता पाच आठवडे झाले. माझी बायको पार्बता त्या सकाळी गेली. तिला गालाचा कॅन्सर होता आणि सव्वादोन वर्षं आम्ही दोघं त्याच्याशी झगडत होतो. लोक भेटायला येतात, माझे कोरडे डोळे बघून अवघडतात, चहा पिऊन उठतात. मला रडू येतच नाही, त्याला मी तरी काय करू? बधिर झाल्यासारखं झालं आहे सगळं... आधी फळा का पुसला, तेवढंच एक सारखं आठवत राहतं.

आमचं गाव गोंदियाकडच्या गोरेगावजवळ. माझी मास्तरकी आणि वडिलांकडून आलेल्या धानाच्या चार बांध्या, म्हणजे भातखाचरं, एवढा आमचा पसारा. शेतातलं मला ओ की ठो कळत नाही. ते सगळं पार्बता बघायची. मळणी झाली की धान अंगणात उन्हाला पसरायचं आणि पुरतं वाळलं की बांबूच्या ढोलीत, म्हणजे कणगीत, भरायचं. वाळलं की नाही हे ठरवायची आमच्याकडे एकच रीत. दाणा दाताखाली धरून फोडायचा. वाळलेला दाणा कट्ट वाजतो, ओला नुसता चेपतो. हे गावात सगळ्यांनाच येतं, तरी आळीतल्या बाया आपापलं धान मुठीत धरून पार्बताकडे यायच्या. ती दाणा फोडायची, डोळे मिटून क्षणभर थांबायची आणि निकाल द्यायची, "आनखी दोन उन्हं." की त्या बाया मुकाट्याने धान पुन्हा पसरायच्या. माझ्या शब्दाला शाळेतसुद्धा एवढा मान नव्हता.

मग तिच्या गालात आतून फोड आली. आपणच केलेली भाजी तिखट लागली म्हणून ती आधी माझ्यावरच चिडली, मिरची मी जास्तीची आणली होती म्हणे. फोड महिनाभर राहिली, वाढली. गोंदियाच्या डॉक्टरांनी तोंडात बत्ती धरून पाहिलं आणि मुंबईला जा म्हणाले. लढाईचे दिवस होते, मेलगाडी शिपायांनी भरलेली. दोन दिवस आम्ही एका पेटीवर पाठीला पाठ लावून बसून गेलो. तिथल्या इस्पितळात सांगितलं, गालाला विजेचा शेक द्यायचा, पण त्याआधी त्या बाजूचे सगळे दात काढावे लागतील. एवढ्यावर थांबलं नाही. दुसऱ्या बाजूचेही किडके निघाले, तेही काढले. बाहेर आली तेव्हा तोंड सुजून भोपळ्याएवढं झालेलं. मी काय बोलावं ते सुचेना. तीच बोबड्या तोंडाने म्हणाली, "बजारात बैलाचे दात पाहून घेते लोक. आता मले कोन घेईन?"

मी म्हणालो, "मी घेतो. जुनं गिऱ्हाईक आहे."

"मंग चारा पातळ करून द्या," ती म्हणाली. त्या दिवसापासून तिच्या पेजेला आमच्या घरात चाराच म्हणत.

पदराच्या गाठीत तिने घरून मूठभर धान आणलं होतं. कशाला, असं मी गाडीत विचारलं होतं तेव्हा उत्तर मिळालं नव्हतं. शेक घेऊन गाल भाजल्यासारखा लाल झालेला, गिळताना डोळ्यांत पाणी यायचं, तरी दुपारी धर्मशाळेच्या ओसरीवर ती गाठ सोडायची. मी दाणा फोडायचा आणि तिने माझ्या गालाला कान लावून ऐकायचं. निम्मे दाणे ती आधी पाण्यात टाकून ठेवायची, कोणता कसला ते मी ओळखायचं आणि बरोबर की चूक ते तिने सांगायचं. म्हणजे दात माझे आणि पारख तिची. ये-जा करणारी माणसं थबकून बघायची. मी शरमून म्हणालो, "अगं, लोक बघतात."

"पाहू द्या नं. मी का मुका घेऊन रायली? धान पाहून रायली."

त्या इस्पितळात त्या महिन्यात आमच्याएवढं कुणी हसलं नसेल. मी हसवायचो, कारण मला भीती वाटायची. ती का हसायची, ते मी कधी विचारलं नाही.

त्या वर्षी घरी आलो आणि मी चूक केली. धान पसरलेलं होतं, ती थकून झोपली होती. उठवायला जिवावर आलं. मी एकट्यानेच दाणा फोडला, मला कट्ट ऐकू आलं आणि मोठ्या तोऱ्यात ढोली भरवून घेतली. पंधरा दिवसांनी ढोलीत हात घातला तर आत ऊब लागली. धान कोंदटलं होतं, भाताला वर्षभर वास येत राहिला. पार्बता गालावर हात दाबून हसली. "गुरुजी, सोताच्याच पोराले पास केलं तुमी!" त्यानंतर तिच्या कानाशिवाय मी एक दाणा फोडला नाही. पुढचं वर्ष फार चांगलं गेलं. तिच्या अंगावर मूठभर मांस चढलं, मऊ भात जमू लागला, धानाच्या रोवणीच्या वेळी ती बांधावर उभी राहून सगळ्यांवर ओरडली. मला वाटलं, जिंकलो आपण... खरंच वाटलं होतं.

उन्हाळ्यात गळ्याशी गाठ आली. पुन्हा मेलगाडी, पुन्हा तीच धर्मशाळा. या वेळी डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. आता शेक देऊन उपयोग नाही, घरी न्या, फार तर दिवाळीपर्यंत काढेल, म्हणाले. मी बाहेर आलो, बाकावर तिच्याशेजारी बसलो आणि तोंड भरून हसलो. म्हणालो, "डॉक्टर म्हणतात, ही बाई इथे फार बडबड करते, हिला गावी न्या."

तिने डोळे मिटून माझं हसणं ऐकल्यासारखं केलं, दाण्याचं करायची तसंच. मग म्हणाली, "गुरुजी, ह्या हसन्यात वल आहे." ओल तिला ऐकू गेली होती. तिने पुढे विचारलं, "औंदाचं धान भरेपर्यंत राहीन का मी? तेवढं सांगा."

"राहशील," मी म्हणालो.

"मंग ठीक आहे. ढोली भरूनच जाईन. तुमच्या भरोशावर नाही सोडत."

ती कार्तिकात गेली. धान कापून बांधीतच पडलेलं होतं. तिला मी दिलेला तो एकच शब्द खोटा ठरला, आणि तो खोटा ठरणार हे देताना मला माहीत होतं. त्याचं वाईट वाटतं असं मी म्हणतो, पण ते वाटणंसुद्धा दुरून आल्यासारखं वाटतं.

मळणी भावकीने करून दिली. धान अंगणात पसरलं आहे. सकाळी शाळेत जाण्याआधी मी एक दाणा उचलतो, दाताखाली धरतो. भागरताबाई आणि दोघीतिघी बाया ढोली शेणाने सारवून, टोपल्या घेऊन उभ्या असतात. परवा दाणा कट्ट वाजला. काल वाजला. आज तर एवढ्या मोठ्याने वाजला की भागरताबाईलाही ऐकू गेला. तिने टोपली उचलली आणि माझ्या तोंडाकडे पाहिलं.

मी म्हणालो, "आनखी दोन उन्हं."

तिने टोपली खाली ठेवली आणि धानात पाय घालून ते हलवायला लागली. आजचं हे नववं ऊन. ढोली रिकामीच आहे.