मुळ्याच्या वाफ्यातला विनातिकीट प्रवासी

बसच्या नोकरीतून निवृत्त झाल्यावर कंडक्टर आजोबांचं घरात काही खरं नव्हतं. छत्तीस वर्षं चालत्या गाडीत उभा राहिलेला माणूस. आणि घर काही हलेना. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून ते सगळ्यांना वाट करून देत, त्यामुळे कुणालाच वाट मिळत नसे. शेवटी आजी म्हणाल्या, "अहो, कुठेतरी जा, नाहीतर मीच पुढच्या स्टॉपला उतरते."

सुनेने मार्ग काढला. नात पहिलीत होती. तिच्या शाळेत मुलांकडून बाग करून घ्यायला कुणीतरी हवं होतं.

आजोबांनी तीन ओळींत मुळ्याच्या बिया पेरल्या आणि एकतीस मुलांच्या हाती पाण्याचे मग दिले. मुलांनी आपापल्या बीला पाणी घातलं, मग मैत्रिणीच्या, मग जी बिचारी एकटी वाटली तिला. आठवड्यात वाफ्याचा चिखल झाला. अतिमायेने बिया कुजल्या.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, काठावर येऊन म्हणाल्या, "आणखी एकदा पेरा. महिनाअखेरीला तिन्ही ओळी उगवल्या तर ठीक, नाहीतर इथे फरशी. फरशीवाल्याला सांगून ठेवलंय."

वाफा गेला की पुन्हा स्वयंपाकघराचं दार, हे आजोबांना कळत होतं. आजींना तर जास्तच कळत होतं.

दुसऱ्या दिवशी आजोबांनी तिन्ही ओळी पुन्हा पेरल्या, ट्रंकेतून तिकिटाला भोक पाडायचा चिमटा काढला आणि पुठ्ठ्याची तिकिटं कापली. एका मुलाला आठवड्याला एक तिकीट. अर्धा मग पाणी, मग टक्क! भोक.

"आजोबा, माझ्या बीला तहान लागलीय," एक गोबरा मुलगा म्हणाला.

"झोपलीय ती. झोपलेल्या प्रवाशाला कुणी पाणी पाजतं का?"

"पण ती रडत होती."

"तिकीट?"

"भोक पडलंय."

"मग सोमवारी. चला, पुढे सरका!"

पाचव्या दिवशी दोन ओळी उगवल्या. तिसरी, ऑफिसच्या खिडकीखालची, मात्र नुसता गाळ. महिना संपायला नऊ दिवस उरले. आजोबांनी भोकं तपासली, सगळी बरोबर. म्हणजे कुणीतरी विनातिकीट होतं, आणि असल्या माणसाचा वास त्यांना लांबून येई.

शाळा सुटल्यावर ते टाकीच्या आडोशाला बसून राहिले. थोड्या वेळाने मोठ्या बाई पर्स सावरत बाहेर आल्या, इकडेतिकडे पाहिलं, आणि आपल्या बाटलीतलं सगळं पाणी तिसऱ्या ओळीवर ओतलं. "उगवा रे बाबांनो," त्या पुटपुटल्या.

"बाई, तिकीट?"

बाईंनी बाटली पाठीमागे लपवली, अगदी पहिलीतल्या मुलीसारखी. "अहो, रोज उरतं ना थोडं... आणि तोंडाने फरशी म्हणून बसले मी. ही ओळ नाही आली तर खरंच घालावी लागेल हो!"

"एवढ्या पाण्यात आमची गाडी धुऊन निघायची," आजोबा म्हणाले.

मग दोघांनी गुडघे टेकून वरचा गाळ काढला, कोरडी माती घातली, नव्या बिया पेरल्या. बाईंच्या नखांत माती गेली. आजोबांनी त्यांना एक तिकीट दिलं. "तुमचा गुरुवार. अर्धा मग."

गुरुवारी बाई रांगेत शेवटी उभ्या राहिल्या. पुढची मुलगी वळून म्हणाली, "बाई, तुमचा मग पूर्ण भरलाय. आजोबा ओरडतील." बाईंनी निमूटपणे अर्धं पाणी बादलीत परत ओतलं.

महिनाअखेरीला तिसऱ्या ओळीत नऊ कोंब होते. त्यातला एक आडवा. फरशीवाला टेप घेऊन आला.

"अहो अहो, पाय कुठे ठेवताय!" बाई खिडकीतून ओरडल्या.

"फरशी नाही घालायची?"

"घालायची की. माझ्या ऑफिसात घाला, आत या." मग आजोबांकडे वळून म्हणाल्या, "दुसरीची पोरं मागे लागलीत. चाळीस आहेत. जमेल?"

आजोबांनी एका नजरेत वाफा मोजला. "नेऊ की. थोडे उभ्याने," ते म्हणाले, आणि त्यांनी बाईंकडे पुठ्ठा मागितला.