गावाला म्हणून निघालो

लालबागची चाळ आम्ही सोडली ती भरदुपारी, सगळ्यांच्या देखत आणि खोटं बोलून. आईला बरं वाटत नाही, ती मालवणला गावी जाऊन काही महिने राहणार, मी तिला सोडायला चालले आहे, असं बाबांनी चाळीत सांगून ठेवलं होतं. आता आमच्याकडे कुणी गावाला निघालं की ते माणूस एकट्याचं राहत नाही. निघायच्या दिवशी दारात पिशव्यांची रांग लागली. कुणाच्या आईसाठी चहापावडर, कुणाच्या म्हाताऱ्यासाठी तंबाखू, कुणाच्या पोरांसाठी बिस्किटं. आमच्याकडे जेवायला येणाऱ्या भाऊंनी तर लेकीच्या ओटीभरणासाठी घेतलेली साडी आईच्या हातात दिली आणि म्हणाले, "वयनी, ही मात्र सांभाळून ने हां. शिमग्याच्या आधी तिका मिळाक होयी."

आईने मान डोलावली. टॅक्सी परळच्या एसटी स्टँडकडे न वळता अँटॉप हिलच्या रस्त्याला लागली, तेव्हा तिच्या मांडीवर त्या सगळ्या पिशव्या होत्या. ती मला म्हणाली, "ह्या आता कोण पोचवतला गो?" स्वतःच्या आजाराबद्दल ती वाटेत एक शब्द बोलली नाही.

तुमच्यापैकी जे चाळकरी अजून लालबागेत आहात आणि जे माझ्यासारखे निघून गेलात, त्या सगळ्यांना आई आठवत असेल ती खानावळवाली म्हणून. गिरण्यांच्या संपात बाबांची साच्यावरची, म्हणजे मागावरची, नोकरी गेली. ते युनियनची पत्रकं लिहायचे. मी अक्षरं शिकले ती त्याच पत्रकांवर. पण पत्रकांनी चूल पेटत नव्हती, ती आईने पेटवली. गावी बायकामुलं असलेली माणसं आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत दोन पंगतींत जेवायची. संप मोडला, गिरण्यांना कुलपं लागली, जेवणारे वॉचमन झाले, हमाल झाले, पण जेवायला आमच्याकडेच येत राहिले.

आईला थकवा येऊ लागला, पोटाच्या उजव्या बाजूला दुखू लागलं, तेव्हा मी बारावीत होते. रक्त तपासल्यावर डॉक्टर म्हणाले, ही सी प्रकारची कावीळ आहे, कित्येक वर्षं अंगात दडून बसलेली, आणि ती यकृत आतून खराब करते आहे. संपाच्या दिवसांत आईचं ऑपरेशन झालं होतं आणि तिला रक्त चढवलं होतं. बहुधा तिथूनच आली असावी. त्या काळात बेकार झालेली माणसं रक्त विकायची, असं बाबा सांगत. ते ऐकून माझ्या अंगाची आग झाली. कामगाराचा पगार गेला, मग रक्त गेलं, आणि ते दुसऱ्या कामगाराच्या बायकोच्या अंगात रोग घेऊन शिरलं! आई मात्र एवढंच म्हणाली, "उपाशी पोटान दिला असतला कोणी. त्या रक्तान मी जगलंय मा?"

उपाय होता इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांचा. आठवड्यातून तीनदा, निदान सहा महिने, सोबत गोळ्या. औषध आमच्या आवाक्याबाहेरचं होतं. हॉस्पिटलातल्या समाजसेविकेने एका ट्रस्टकडून ते मिळवून दिलं. डॉक्टरांनी दोनदा बजावलं, की ही कावीळ ताटातून, पाण्यातून, शेजारी बसल्याने पसरत नाही, रक्तातून पसरते. आईने नीट ऐकून घेतलं आणि घरी आल्यावर बाबांना विचारलं, "माका कळला. पण कावीळ म्हटल्यार माझ्या हातचा जेवतलो कोण?"

प्रश्न तेवढाच होता. जेवणारे तुटले तर घर बसणार होतं. इंजेक्शनं फ्रीजमध्ये ठेवायची होती, फ्रीज आमच्याकडे नव्हता, आणि शेजाऱ्यांच्या फ्रीजमध्ये ठेवली तर संध्याकाळपर्यंत साऱ्या चाळीला कळलं असतं. अँटॉप हिलला माझे काका सरकारी क्वार्टरमध्ये राहायचे. म्हणून आमचं ते "गाव". खानावळ तेवढे महिने बंद राहिली, बाबा चाळीत राहिले आणि मी आईपाशी.

लालबागहून बसने फार लांब नाही. पण तिथे दारं बंद असत, जिन्यात कुणी कुणाला "जेवलास काय?" विचारत नसे, आणि काका ऑफिसातून आले की घरात कुजबुजत बोलावं लागे. काकूने पहिल्याच दिवशी आईसाठी ताट, वाटी, पेला वेगळे काढले आणि मोरीच्या कडेला त्यांची जागा ठरवून दिली. मी पेटले. पण आईने डोळ्यांनीच मला गप्प केलं.

पहिली काही इंजेक्शनं हॉस्पिटलात झाली. पुढची घरी द्यायची होती. नर्सने विचारलं, कोण शिकणार? काकू पुढे झाली. मांडीची चामडी चिमटीत कशी धरायची, सुई किती तिरपी घालायची, वापरलेल्या सुईला पुन्हा टोपण न लावता ती जाड डब्यात कशी टाकायची, हे तिने एकदा बघून उचललं. नर्सने दिलेले हातमोजे तिने आठवडाभर वापरले, मग बोटं घसरतात म्हणून ठेवून दिले.

मला राहवेना. "काकू, ताटातून काही होत नाही गं. धोका असलाच तर तो तुझ्या हातातल्या सुईत आहे. तू नेमकं उलटं करतेस!"

काकू डब्याचं झाकण लावत म्हणाली, "कळतं मला. मी पण मॅट्रिक आहे. पण ते ताट बघितलं की काटा येतो अंगावर, आणि सुई हातात घेतली की येत नाही. त्याला मी काय करू, तूच सांग."

कुठल्याच पत्रकात असं माणूस नव्हतं.

इंजेक्शनानंतर दोन-तीन तासांत आईला हुडहुडी भरायची. अंगावर असतील नसतील त्या गोधड्या, तरी दात वाजायचे. मग ताप, मग घाम. तापाची सवय झाली तशी दुसरी गोष्ट सुरू झाली. केस उशीला राहू लागले. भाताच्या वाफेनेसुद्धा तिला मळमळायचं; जिने दोन पंगती उठवल्या, ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची, कारण नसताना रडायची, बाबा रविवारी आले तर त्यांच्यावर खेकसायची. डॉक्टर म्हणाले, हे औषधच मन असं उदास करतं, लक्ष ठेवा. एकदा ती म्हणाली, "बंद करा ही सुई. बरी होऊन तरी खंय जाऊचा हा माका?"

तेव्हा मी पत्रक लिहिलं. "कावीळ ताटातून पसरत नाही!" अशा मथळ्याचं, चाळीच्या प्रत्येक मजल्यावर लावायचं. बाबांनी ते दोनदा वाचलं, एक शब्द बदलला आणि विचारलं, "आईला विचारलंस?" विचारलं. आई उठून बसली. कितीतरी दिवसांनी तिच्या आवाजाला धार आली होती. "माझो रोग म्हणजे काय मोर्चो वाटता तुका? सांगूचा तर मी सांगान. माझ्या तोंडान." मी पत्रक फाडलं. त्या दिवशी ती निदान रडली नाही.

पिशव्या मात्र राहिल्या होत्या. बाबांनी बहुतेक सगळ्या गावी जाणाऱ्यांबरोबर एकेक करून पाठवल्या. साडी ज्याच्याकडे द्यायची त्याचं जाणं रद्द झालं आणि ती काकूच्या कपाटातच पडून राहिली. शिमग्याला भाऊ स्वतः गावी गेले. लेकीला साडी नाही, आणि वयनी गावात आल्याचा कुणाला पत्ता नाही. परत आल्यावर त्यांनी बाबांना धरलं. बाबांना खोटं दुसऱ्यांदा बोलता आलं नाही. त्यांनी पत्ता दिला, कारण सांगितलं नाही. रविवारी दुपारी काकूच्या दारात भाऊ, त्यांच्याच पंगतीतला तातू आणि आणखी तिघे जेवणारे, चपला हातात घेऊन उभे.

"वयनी, गावाक जातंय म्हणान गेलंस आणि हय लपान बसलंस? आमी काय वायट केला तुझा?" आणि मग तिच्याकडे नीट बघून भाऊ थांबले. केस गेलेले, गाल बसलेले.

आई भिंतीला टेकून बसली होती. अंगात आदल्या दिवशीच्या इंजेक्शनाची कणकण होती. तिने पदर सारखा केला आणि सांगून टाकलं. "भाऊ, माका कावीळ हा. रक्तातली. जेवणातसून लागत नाय म्हणतत डॉक्टर. पण मी भियालंय, तुमी जेवूचे नाय म्हणान. आता तुमी काय ता ठरवा."

भाऊंनी हातातल्या चपला दाराशी ठेवल्या. मग भाऊ म्हणाले, "तरीच म्हटलंय, तुझी आमटी इतकी पिवळी कशी!"

आई हसली. खोकला येईपर्यंत हसली. काकूने सगळ्यांना चहा दिला, आणि घाईत कुणाला कुठला पेला गेला ते तिचं तिलाही कळलं नसावं. निघताना तातू एवढंच म्हणाला, "लवकर येय. हॉटेलातलो भात घशाखाली उतरणा नाय."

आईने सुई बंद करायची भाषा पुन्हा केली नाही. पावसाळ्याच्या तोंडावर कोर्स संपला. रक्तात विषाणू सापडला नाही, आणि नंतरच्या तपासणीतही नाही. सगळ्यांना हे औषध असं लागू पडत नाही, तिला पडलं. ती लालबागला परतली. मी कॉलेजसाठी काकूकडेच राहिले आणि मग दूर गेले ती गेलेच. तातू आणि बरेच जण जेवायला आले. काही आले नाहीत. ज्यांनी तो विनोद केला ते भाऊ आलेच नाहीत. चाळीच्या जिन्यात भेटत, हसत, तब्येत विचारत, पण पंगतीला बसले नाहीत. मी चिडले की आई म्हणे, "संपात पोलिसांक भियालो नाय तो, आता भियाता. असांदे. माणूसच मा तो."

आता मी हैदराबादेत असते, मजुरांसाठी काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत. रूम, ऑटो, मेस, तोडकीमोडकी तेलुगू. लालबागला सुट्टीत जाते. गिरणीच्या आवारात काचेची ऑफिसं उभी राहिली आहेत आणि तिथली पोरं दुपारी आईकडे जेवायला येतात. मागच्या खेपेला एक नवा मुलगा आला, गळ्यात आयकार्ड, घाईत. तो मांडी घालून बसायच्या आत आई हातात पळी घेऊन त्याच्यापुढे उभी राहिली. "बाळा, माका कावीळ होती. रक्तातली. इंजेक्शनां घेतलंय, बरी झालंय. जेवणातसून ती कधीच लागत नव्हती. पटला तर बस, नाय तर राग नाय." हे ती प्रत्येक नव्या माणसाला सांगते, पहिल्या दिवशी, वाढायच्या आधी.

मुलगा तिच्याकडे बघत राहिला, मग माझ्याकडे. मी मान फिरवली. हे त्याचं त्याने ठरवायचं होतं.

परक्या शहरात मला विचारतात, तुझं घर कुठे? मी लालबाग सांगते, पण मला ती चाळ म्हणायची नसते, उद्या ती पडेल, तिथे टॉवर होईल. मला आईचं ते वाक्य आणि त्यानंतरची ती क्षणभराची शांतता म्हणायची असते. लपण्यासाठी आम्ही एकदा घर सोडलं. लपायचं थांबवून ती परत आली, तेव्हापासून ते माझं घर आहे.

मुलाने आयकार्ड शर्टाच्या खिशात सारलं आणि म्हणाला, "मावशी, भात जरा जास्त वाढा."