मुलींचं मैदान

मैदानावर पाय ठेवण्याआधी मेश्राम मास्तर चपला काढायचे आणि मग तोंड सुरू करायचे. "कोण्या गाढवानं सायकल नेली रे इथून?" चुन्याच्या रेषेवर चाकाची खूण दिसली की त्यांचा दिवस गेलाच. माग काढत त्या माणसाच्या घरी जाऊन भांडायचे. एकदा ती सायकल माझ्या बाबांची निघाली, तेव्हा त्यांनी आमच्या दारात उभं राहून बाबांचा उद्धार केला आणि शेवटी आईच्या हातचा चहा पिऊन गेले. ते वारल्यानंतरच्या शोकसभेत कोणी पाहुणा म्हणाला, मास्तर अतिशय शांत आणि संयमी होते. मी पहिल्या रांगेत होते. उठून त्याच्या हातातला माईक ओढून घ्यावा असं मला वाटलं. मास्तर रागीट होते, तोंडाळ होते, हट्टी होते. माणूस मेला की त्याला धुऊन पुसून मिळमिळीत करायची ही कुठली रीत?

ते शाळेतले मास्तर नव्हते, मिलमध्ये फिटर होते. पाळी संपली की विहारामागच्या रिकाम्या जागेत वस्तीतल्या मुलींना कबड्डी शिकवायचे. मुली गोळा करायला घरोघरी जायचे. बाबांनी छप्पन साली दीक्षा घेतलेली. माझ्या शिक्षणाला ते कधी नाही म्हणाले नाहीत, पण हाफपँट घालून कबड्डी म्हटल्यावर आढेवेढे घ्यायला लागले. मास्तर म्हणाले, "दीक्षाभूमीवर गेला तवा हिले खांद्यावर बसवून नेलं ना गा? मंग आता मैदानावर पाठवाले काय होते तुले?" दुसऱ्या दिवसापासून मी मैदानावर.

वनस्पती तुपाचा एक डबा होता त्यांच्याकडे. तळाला खिळ्यानं भोकं पाडलेली. त्यात चुन्याची फक्की भरून, वाकून, ते स्वतः रेषा आखायचे. मुलींचं मैदान मुलांच्यापेक्षा लहान असतं, हे नियमात आहे, आणि ते मापाबरहुकूम हवं म्हणजे हवंच. मग ते आमच्या डोळ्यांवर ओढणी बांधून आम्हाला चालायला लावायचे. चढाईला गेलेल्या मुलीला समोरची निदान रेषा ओलांडून, एका दमात परत यावं लागतं. ती रेषा किती लांब आहे हे डोळ्यांनी बघत बसलात की पकडल्या गेलात. "पायाले ठाऊक पाह्यजे वं, डोयाले नाही," असं ते ओरडायचे. मध्यरेषेपासून माझी पाच पावलं. पाचवं पडलं की माझी टाच निदान रेषेवर. झोपेतून उठवलं असतं तरी चुकले नसते.

मी अठराची होते तेव्हाची जिल्ह्याची फायनल. मैदान शहरातल्या सदर नावाच्या भागातलं. निवड समितीची माणसं त्याच सामन्यात विदर्भाचा संघ निवडणार होती आणि माझं नाव जवळजवळ पक्कं आहे असं सगळे म्हणत होते. आम्ही पोचलो, मास्तरांनी चपला काढल्या, मैदानात चार पावलं टाकली आणि थांबले.

"हे पोराइचं मैदान आहे. पोरीइचं आखा."

स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी भाऊसाहेब हसत पुढे आले. "अहो मास्तर, नंतर मुलांची फायनल आहे. मुलींच्या अर्ध्या तासासाठी कोण दोन-दोनदा आखत बसणार? खेळून घ्या ना."

"मंग पोराइले पोरीइच्या मैदानावर खेळवा."

लोक हसले. मास्तर जाऊन मध्यरेषेवर मांडी घालून बसले. समोरचा संघ खेळायला तयार होता. मी त्यांच्याजवळ जाऊन रडकुंडीला येऊन म्हणाले, "मास्तर, उठा ना. आम्ही खेळतो याच्यावर."

"तू गप बस वं. आज खेळली तं जन्मभर याच्यावरच खेळवतीन तुले."

दोन स्वयंसेवकांनी त्यांना बखोटीला धरून बाहेर नेलं. आमचा संघ बाद झाला. मास्तरांना त्या मैदानावर यायला बंदी झाली. विदर्भाच्या संघात समोरच्या चार मुली गेल्या. आमच्यातली एकही नाही.

मला भाऊसाहेबांचा राग आला, पण मास्तरांचा त्याहून जास्त आला. दोन दिवसांनी त्यांच्या घरी जाऊन मी विचारलं, "मले खेळाचं होतं, मास्तर. तुम्ही मले विचारलं का?"

ते चुन्यानं पांढरी झालेली नखं खरवडत राहिले. मग म्हणाले, "नाही विचारलं. लय राग आला होता मले."

एवढंच. मी परत गेले नाही. पुढच्या वर्षी माझं लग्न झालं, भिवापूरला गेले आणि कबड्डी सुटली ती सुटलीच. माहेरी आले की विहाराच्या मागून जावं लागायचं. ते नव्या मुलींना शिकवत असायचे. मला बघून हातातला डबा वर करायचे आणि मी मान फिरवायचे. पंधरा वर्षं मी हे केलं. आज त्याची लाज वाटते, आणि रागही गेलेला नाही. दोन्ही आहे.

ते गेले आणि वर्षाच्या आत त्याच मंडळानं त्यांच्या नावानं मुलींची स्पर्धा ठेवली. सदरचं तेच मैदान. जिवंतपणी ज्याला बखोटीला धरून काढलं, त्याच्या फोटोला ह्यांनी तिथेच हार घातला. भाऊसाहेबांचे केस पांढरे झाले होते. 'मास्तरांची जुनी खेळाडू' म्हणून मला दोन शब्द बोलायला बोलावलं होतं.

सवयीनं मी चपला काढल्या. मध्यरेषेवर उभी राहिले आणि चालले. पाच झाली. टाचेखाली नुसती माती. सहावं टाकलं. रेषा अजून पुढेच होती.

पुन्हा मुलांचंच मैदान. मी भाऊसाहेबांना गाठलं. ते घड्याळात बघत म्हणाले, "ताई, दुपारी मुलांचा प्रदर्शनीय सामना आहे, त्यामुळे... आधी श्रद्धांजली होऊ द्या, मग बघू."

मी तिथेच फतकल मारून बसणार होते. गुडघे वाकलेही होते. पण कडेला चौदा मुली खेळायच्या कपड्यांत उभ्या होत्या, त्यांच्याकडे लक्ष गेलं. मी त्यांच्यापाशी गेले.

"पोरींनो, हे पोराइचं मैदान आहे. याच्यावर खेळता, का मी बदलून देऊ? तुम्ही सांगान तसं."

त्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बहुतेक त्यांना असं कोणी विचारलंच नव्हतं. मग गुडघ्याला पट्टी बांधलेली एक काटकुळी पुढे झाली. "काकू, आमची प्रॅक्टिस लहान मैदानावरच झाली आहे. आखून द्या ना."

"हव, आखून द्या," बाकीच्याही म्हणाल्या.

मी फक्कीचं घमेलं उचललं, मैदानात गेले आणि अनवाणी पायानं निदान रेषा पुसायला लागले. तेवढ्यात माईकवरून भाऊसाहेबांनी सगळ्यांना उभं राहायला सांगितलं. मेश्राम मास्तरांना श्रद्धांजली म्हणून दोन मिनिटं मौन. खुर्च्या सरकल्या, माणसं मान खाली घालून उभी राहिली आणि सगळीकडे चिडीचूप झालं.

मी पाय थांबवले नाहीत, आणि तोंडही.

"कोण्या गाढवानं आखलं हे?"