लूमच्या सुरात

छत्तिसाव्या वर्षी मला पहिल्यांदा कायमच्या जागेची संधी आली. मुंबईतल्या एका वाद्यवृंदात डबल बास वाजवणारे चार जण होते, त्यांतले एक निवृत्त होणार होते. डबल बास म्हणजे व्हायोलिनच्या घराण्यातला सगळ्यात थोरला. माणसापेक्षा उंच, आवाज पोटातून येणारा. त्या खुर्चीवर एकदा जो बसेल तो वीस वर्षं उठणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. मी तिथे अकरा वर्षं बदली वादक होते. कामतघर ही आमची लूमची, यंत्रमागांची वस्ती; तिथे बदली कामगार म्हणजे काय ते कुणाला समजवावं लागत नाही. कुणी आजारी पडलं की फोन, नाहीतर बस घरी. मला आता घरी बसायचं नव्हतं. रडकुंडीला आले होते मी.

आमच्या घराची मागची भिंत म्हणजेच लूमच्या कारखान्याची भिंत. बाबा लूमच्या मोटारी रिवाइंड करतात. जळालेल्या मोटारीत नवी तार भरून ती चालू केली की कान देऊन सांगतात, ही वर्ष काढेल, ही महिन्यात परत येईल. सहसा चुकत नाहीत. त्या कानाचा त्यांना फार अभिमान. कॉलेजात एका सरांनी ‘उंच आहेस, तू हे घे’ म्हणून मला डबल बास दिला, आणि पुढे स्वतःचा जुना बास मला देऊन ते गाव सोडून गेले. तो घरी आला तेव्हा आनंद झाला तो एकट्या बाबांना. आईने एवढंच विचारलं, ठेवायचा कुठे? शेवटी कपाट बाहेर गेलं आणि बास आत आला.

सरांचा नियम एकच होता, तार कानाने लावायची, यंत्राने नाही. बाबांना हे इतकं पटलं की रोज संध्याकाळी दुकानातून आले की ते माझ्यासमोर बसत. मी खुंटी पिळायची, त्यांनी मान हलवायची. “अजून चढव. थोडी. हां, अब बैठा.” त्यांनी हां म्हटलं की मलाही ती तार आपल्या घरची वाटायची. मग आमचा सराव. शुक्रवारी लूम बंद, तशी मलाही सुटी. एकदोनदा शुक्रवारी वाजवून पाहिलं होतं, पण काही लागेचना. अंगात आळस असेल म्हणून सोडून दिलं.

पहिल्या फेरीला मी ताग्यांच्या टेम्पोतून गेले. मोठा बास नेण्याचा माझा हाच मार्ग, कापडाच्या ताग्यांमध्ये तो उभा राहतो आणि हलत नाही. ड्रायव्हर दर वेळी विचारतो, “दीदी, ये अलमारी सच में बजती है?” त्या दिवशी वाजली, आणि चांगली वाजली असं मला वाटलं. तिथल्या पियानोच्या सुराला तारा लावून, पडद्याआड उभी राहून मी वाजवलं आणि शेवटच्या दोघांत निवडले गेले. दुसरी फेरी तीन आठवड्यांनी. निघताना परीक्षकांतल्या एक बाई बाहेर आल्या आणि हळूच म्हणाल्या, “रंग सुंदर आहे तुझ्या वाजवण्यात. पण मोकळ्या तारा सोडल्या तर बोटाने दाबलेला प्रत्येक सूर चढा होता. सगळे एकाच मापाने चढे. असं मी कधी ऐकलं नाही.”

मी घरी आले. दोन दिवसांनी शुक्रवार होता, लूम बंद. सरांचा नियम मोडला आणि फोनवरच्या यंत्राने चारी तारा लावल्या. शनिवारी सकाळी भिंतीपलीकडे लूम सुरू झाले तेव्हा मी सगळ्यात बारीक तार छेडली, आणि तार व भिंत एकमेकींशी भांडायला लागल्या. हवेतच थरथर. बाबा दाढी अर्धी टाकून आत आले. “उतरलीय ती. ऐकू येत नाही का?”

मला ऐकू येत होतं. जन्मापासून ऐकू येत होतं. मोटारींच्या विजेची गुणगुण दिवसरात्र एकाच सुरावर चालते, आणि तो सूर माझ्या त्या तारेच्या अगदी जवळ, पण जरासा वर आहे. बाबा इतकी वर्षं मला तार लावून देत होते ती लूमला. वाद्यवृंदात इतरांच्या आवाजाला धरून मी निभावून नेत होते. एकटी पडले की माझी बोटं वर सरकायची, कामतघरच्या सुराकडे.

मी बाबांना काही सांगितलं नाही. मावशीच्या गावी, दिघाशीला शांत आहे, तिथे सराव करते, एवढंच म्हणाले. बाबांनी विचारलं, “आणि तार कोण लावणार?”

दिघाशीत भिंतीपलीकडे फक्त गोठा होता. मी सकाळपासून यंत्र समोर ठेवून बोटं खाली आणत होते. बरोबर सूर मला खोटा वाटायचा. बोट योग्य जागी ठेवलं की वाटायचं, कुणी माझ्याच आईला दुसऱ्या नावाने हाक मारायला लावतंय. एका दुपारी मी वाजवायचा गज फेकून दिला आणि गोठ्यात जाऊन रडले. छत्तीस वर्षांचा कान तीन आठवड्यांत कसा बदलणार? चौथ्या दिवशी मावशी उंबऱ्यात बसून म्हणाली, “काय गो, गाना कवा येल? निस्ता रंधाच मारतेस.” मी तिच्यावर ओरडले. ती उठून गेली आणि तांदूळ निवडत बसली. संध्याकाळी माफी मागितली, पण रंधा थांबवला नाही. थांबवून करणार काय होते?

दुसऱ्या फेरीला माझा एकही सूर चढला नाही. प्रत्येक स्वराच्या आधी मी मनात यंत्राचा काटा पाहत होते आणि काटा मधोमध होता. वाजवून झालं तेव्हा मला आनंद झाला नाही, फक्त सुटल्यासारखं वाटलं. दुपारीच निकाल लागला. जागा दुसऱ्याला गेली. त्याच बाई बाहेर आल्या. “सूर स्वच्छ होते. पण मागच्या वेळी जी वाजवत होती ती कुठे गेली?” मी बासवर खोळ चढवायला लागले. 

घरी आले तेव्हा बाबा दुकान लवकर बंद करून दारात उभे होते. माझा चेहरा पाहून त्यांना कळलं. बास आत घेताना त्यांनी एक बाजू धरली, दुसरी मी. तो कोपऱ्यात उभा केल्यावर त्यांनी विचारलं, “काय चुकलं गं?”

त्या माणसाने हजारो संध्याकाळी माझ्यासाठी कान दिला होता. मी म्हणाले, “हात थरथरला.”

“उपाशी गेलीस तू,” ते म्हणाले. “सकाळी मी दिघाशीला फोन करायला हवा होता, मावशीला सांगायला हवं होतं की पोरीला दोन घास घालून पाठव म्हणून. माझ्याच लक्षात राहिलं नाही. माझ्यामुळे गेली तुझी जागा.”

मी किती वेळा नाही म्हटलं, त्यांना पटलं नाही.