बंद नळीत शिरलेली हवा

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. सुलभालाही नाही — आणि सांगायला हवं होतं ते तिलाच. ती गेली, चार महिने झाले.

मी आठवी नापास. दिल्लीत एका कॉलेजच्या लॅबमध्ये काच फुंकायचो. नळ्या जोडायच्या, त्यांची तोंडं ज्योतीवर वितळवून बंद करायची. सुलभा तिथेच धातूंची संयुगं बनवायची. त्या कामात बाई म्हणून पहिलीच. तिने माझ्याशी लग्न केलं तेव्हा लोक हसले. ती सगळ्यांपुढे म्हणायची, यांनी बंद केलेल्या नळीत हवा शिरत नाही. मी फुगायचो. दुसरं होतं काय माझ्याकडे?

वर्षभर खपून तिने एक हिरवं संयुग बनवलं. तसं आधी कुणी बनवलं नव्हतं. हवा लागली की खलास. एकच नळी. लेख छापायला गेला होता.

एका दुपारी नळीचं टोक मला जाड वाटलं. कुणी सांगितलं नव्हतं — मीच, नीटनेटकं करायला म्हणून, ज्योतीवर धरलं. तडकलं. केसाएवढी चीर. हिरवं डोळ्यांदेखत तपकिरी झालं. मी चीर बुजवली आणि नळी... ठेवून दिली जागेवर.

दुसऱ्या दिवशी तपकिरी झालेली नळी बघून तिच्या साहेबांनी तिला विचारलं, हवा शिरली असेल का?

"सील यांचं आहे, सर. नाही शिरणार."

मी तिथेच उभा होतो.

म्हणजे संयुगच टिकत नाही, असं ठरलं. तिने लेख मागे घेतला. साहेबांनी ते काम बंद केलं. पुढे तिने दुसऱ्या कामात नाव काढलं, तो भाग वेगळा. बऱ्याच वर्षांनी परदेशात कुणी तेच संयुग बनवलं. छान टिकलं. तिने ते वाचलं तेव्हा मी मटार सोलत होतो.

"अहो, माझं कुठं चुकलं असेल?"

"मला अडाण्याला काय कळतंय त्यातलं?" म्हणालो, आणि सोलत राहिलो. अडाणीपणाचा असाही उपयोग असतो.

शोकसभेत तिचा विद्यार्थी म्हणाला, मॅडमनी स्वतःची चूक स्वतः कबूल केली, असा प्रामाणिकपणा आता कुठे? माइक माझ्याकडे आला. मी हात जोडून बसून राहिलो. आता तो रोज गाझियाबादच्या घरी फोन करतो — अंकल, त्या चुकीवर दोन ओळी द्या ना, मॅडमवरच्या पुस्तिकेत घालतो. बोललो तर तिने ज्याचा भरवसा धरला तो माणूस खोटा. नाही बोललो तर ती चुकलेली. कुठे जाऊ?

चूक तिची नव्हती. हवा मी घातली. नळीवर तिच्या अक्षरातली चिठ्ठी होती, ज्योतीने कडेला जरा करपलेली. ती काजळी मी त्याच दुपारी, कुणाला दिसायच्या आत, बोटाने पुसून साफ केली होती.