पिओनीची पहिली कळी

जर्मनीत, आमच्या न्युरेम्बर्गच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, आपल्या मुलाकडे दर उन्हाळ्यात भारतातून एक काका येतात. मे महिन्यातही कानटोपी घालून, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन सकाळी फिरायला निघतात. प्रश्नही त्यांचा आणि उत्तरही त्यांचंच. "फूल कशासाठी असतं? देवासाठीच ना?" माझ्या बागेत फुलं तोडायला शिरले की फाटक मात्र आठवणीने लावून घेतात.

तळमजल्यावरची वीतभर बाग माझी आहे. तिथे मी पिओनी लावली, गुलाबासारखी भरगच्च फुलं येणारी. महा नखरेल झाड! कंद जरा खोल गेला तर फुलत नाही, जागा बदलली तर रुसतं. इतकी वर्षं मी नुसत्या पानांना पाणी घातलं. यंदा पहिली कळी आली, सुपारीएवढी.

आज सकाळी पाहते तर नुसता देठ! कळी काकांच्या पिशवीत.

"अगं, मुंग्या लागल्या होत्या. वाया गेली असती ना? म्हणून घेतली."

"काका, पिओनीच्या कळीवर मुंग्या येतातच! त्यांनी काही बिघडत नाही. आणि न उमललेली कळी देवाला तरी चालते का?" माझा आवाज चढला. "शेजारच्या जर्मन आजींकडे एवढा ताटवा फुललाय. तिथली का नाही तोडत?"

काकांनी कानटोपी वर सारून चक्क कानाच्या पाळीला हात लावला.

"छे छे! लोकांच्या बागेत न विचारता हात घालायचा? शोभतं का आपल्याला? तू काय, आपलीच!"